फॉरेस्ट बेदिंग, आम्ही दोघं आणि आहुप्याची देवराई: एका प्रकरणाची पूर्ण नोंद

हे प्रकरण आमच्याच घरातलं आहे, माझं आणि माझ्या नवऱ्याचं. लिहायच्या आधी त्याला सगळं वाचून दाखवलंय, दोन ठिकाणी त्याने आकडे दुरुस्त केले ते तसेच ठेवलेत. मी 41, तो 44, लग्नाला 16 वर्षं झाली, मुलगा आठवीत, सासूबाई आमच्याकडेच असतात. घर कोथरूडला आणि त्याची कंपनी चाकणला, प्रेस शॉपमध्ये सुपरवायझर आहे, म्हणजे पत्रा दाबून पार्ट काढणाऱ्या मोठ्या मशीन्सच्या मधे उभं राहायचं काम, ते 20 वर्षं चाललंय. मी घरूनच इन्शुरन्स क्लेमचं काम करते. अशी परिस्थिती असलेली घरं पुण्यात हजारो असतील म्हणून वाटलं की नीट लिहून ठेवावं, कुणाला तरी उपयोग होईल.

आधी काय चाललं होतं

आमच्यात मारामारी नाही, दारू नाही, तिसरं माणूस नाही. बोलणं आटत गेलं होतं एवढंच. मी काहीतरी सांगायचे, तो हं हं करायचा, आणि दोन दिवसांनी कळायचं की त्याच्या डोक्यात त्यातलं काहीच नाहीये. मग मी आवाज चढवून सांगायचे आणि तो म्हणायचा ओरडतेस कशाला. जेवताना टीव्ही मोठा लावायचा, मुलगा वैतागून ताट घेऊन आत जायचा. मागून जाऊन खांद्याला हात लावला तर दचकायचा आणि चिडायचा, "अगं आवाज तरी देत जा ना येताना." मी आवाज दिलेला असायचा.

एक प्रसंग सांगते कारण पुढे तो लागणार आहे. सासूबाईंच्या डोळ्यांच्या डॉक्टरची संध्याकाळी सातची वेळ मिळाली होती. सकाळी मी फोडणी देत होते, वर एक्झॉस्ट चालू, आणि तो डबा उचलून निघत होता तेव्हा मी सांगितलं की सातला दवाखान्यात थेट ये. तो आला आठला. आम्ही दोघी तासभर बसून, नंबर जाऊन, परत निघालेलो. तो म्हणाला तू आठ म्हणालीस, मी म्हटलं सात म्हणाले, तो म्हणाला मी काय बहिरा आहे का. त्यानंतर चार दिवस अबोला. माझं मत पक्कं झालं की ह्याला माझं ऐकायचंच नाहीये, आणि त्याचं मत पक्कं झालं की ही तोंडातल्या तोंडात पुटपुटते आणि खापर माझ्यावर फोडते.

समुपदेशन करणाऱ्या एका मॅडमकडे दोनदा जाऊन आलो. त्यांनी सांगितलं की आठवड्यातून दोन तास दोघांनीच घालवा, फोन बाजूला, घरखर्च आणि सासरमाहेर ह्यावर बोलायचं नाही. आम्ही हॉटेलात जायला लागलो. तिथे तो नुसती मान डोलवायचा आणि मेनूकार्ड वाचत बसायचा, मी घरी येऊन रडायचे. हॉटेलातल्या गोंगाटाकडे तेव्हा माझं लक्षच गेलं नाही.

हे जंगलाचं कुठून आलं

माझी मावसबहीण नागोयाला असते, नवऱ्याच्या नोकरीमुळे गेली आणि आता तिथलीच झाली. ती नागानो भागातल्या आकासावा नावाच्या जंगलात जाऊन आलेली, तिथे हिनोकीची तीनशे वर्षांहून जुनी झाडं आहेत. तिच्याकडून मला शिनरिन-योकू हा शब्द कळला, शिनरिन म्हणजे जंगल आणि योकू म्हणजे अंघोळ, इंग्रजीत ह्यालाच फॉरेस्ट बेदिंग म्हणतात. शब्द ऐकून वाटतं की काहीतरी जुनी झेन परंपरा असेल, पण तसं नाहीये, 1982 मध्ये जपानच्या वनखात्याचे तेव्हाचे प्रमुख तोमोहिदे आकियामा यांनी तो काढला. शहरात राहून थकलेल्या लोकांनी जंगलात यावं आणि जंगलंही टिकावीत असा त्यात दुहेरी विचार होता, आणि पहिला कार्यक्रम ह्या आकासावातच झाला. आपल्याकडे उत्तराखंडच्या वनविभागानेही 2021 मध्ये रानीखेतजवळ कालिका इथे असं एक केंद्र सुरू केलंय.

मी क्लेम तपासणारी बाई असल्याने पुरावा काय ते आधी बघितलं. चिबा विद्यापीठाच्या संशोधकांनी जपानमधल्या 24 जंगलांत मिळून 280 तरुणांवर केलेलं काम 2010 मध्ये छापून आलं. अर्धे जंगलात आणि अर्धे शहरात, दुसऱ्या दिवशी अदलाबदल, आणि जंगलात कॉर्टिसोल (ताण आला की वाढणारं संप्रेरक), नाडी, रक्तदाब हे सगळं शहरापेक्षा कमी आलं. टोकियोच्या निप्पॉन मेडिकल स्कूलचे डॉ. चिंग ली यांनी तीन दिवस दोन रात्री जंगलात राहिलेल्या पुरुषांच्या रक्तात एनके पेशी, म्हणजे रोगाशी लढणाऱ्या एक प्रकारच्या पांढऱ्या पेशी, वाढलेल्या दाखवल्या, पण त्या सुरुवातीच्या प्रयोगात माणसं होती 12. झाडं हवेत जी वासाची द्रव्यं सोडतात, त्यांना फायटोनसाइड म्हणतात, त्यांचा ह्यात वाटा आहे असं ते मांडतात. इंग्लंडमधल्या जवळपास 20,000 लोकांच्या पाहणीत आठवड्याला 120 मिनिटं निसर्गात घालवणाऱ्यांची तब्येत आणि मनःस्थिती बरी असल्याचं 2019 मध्ये आलं, अर्थात बरं असतं म्हणून जातात की जातात म्हणून बरं असतं हे अशा पाहणीतून सुटत नाही. एवढं वाचून माझं मत झालं की अंगाला शांतता मिळते हे खरं धरायला हरकत नाही. नवराबायकोचं काय होतं ह्याबद्दल ह्या अभ्यासांत काही नव्हतं, ते आम्हालाच बघायचं होतं.

पहिली खेप, ताम्हिणी, ऑगस्ट

ही पूर्ण वाया गेली आणि चूक आमचीच होती. रविवार, पाऊस, मुळशीपासून गाड्यांची रांग, धबधब्याजवळ स्पीकर. आम्ही रस्ता सोडून थोडं आत गेलो तर पाच मिनिटांत जळवा. तरी मी हट्टाने त्याला एका झाडाखाली उभं केलं आणि म्हटलं चल आता बोलूया, आणि जे सहा महिने साठलेलं होतं ते सगळं काढलं. पाऊस पानांवर वाजत होता, मी बोलत होते, तो वाकून माझ्या तोंडाकडे बघत होता आणि मधेच म्हणाला, "काय?" मी तिथेच थांबले. येताना गाडीत एक शब्द नाही.

बहिणीला फोन केला तर ती म्हणाली अगं तुम्ही अंघोळीला गेलात आणि कपडे धुवायला काढलेत. तिने नियम सांगितले ते लिहून घेतले. चालायचं म्हणजे रमायचं, किलोमीटर मोजायचे नाहीत, दोन तासांत अर्धा किलोमीटर झालं तरी चालेल. फोटो नाहीत, झाडांची नावं पाठ म्हणणं नाही. वीस मिनिटं एकाच जागी बसायचं, एकमेकांपासून लांब, पण दिसेल इतक्या अंतरावर. मग जवळ येऊन डोळे मिटून नुसतं ऐकायचं. शेवटी चहा. आणि आपल्या दोघांबद्दलचा एकही विषय जंगलात काढायचा नाही, हा शेवटचा नियम मला सगळ्यात अवघड गेला.

दुसरी खेप, आहुपे, ऑक्टोबर

ह्या वेळी मुलगा आणि सासूबाईंना नणंदेकडे सोडून शनिवारी पहाटे निघालो. मंचर, घोडेगाव, डिंभे धरण आणि मग घाटमाथ्यावरचं आहुपे, भीमाशंकर अभयारण्याच्या पट्ट्यातलं महादेव कोळी समाजाचं गाव. हा सगळा हिरड्याचा मुलूख, बाळहिरडा, म्हणजे हिरड्याची कोवळी फळं, गोळा करून विकणं हे इथल्या लोकांचं वर्षाचं महत्त्वाचं उत्पन्न. गावाला लागून देवराई आहे. देवराई म्हणजे देवाच्या नावाने राखलेलं रान, तिथली वाळकी काटकीसुद्धा घरी न्यायची नाही, म्हणून झाडं शेकडो वर्षं उभी राहिली. माधव गाडगीळ आणि पुण्याचे वनस्पतिशास्त्रज्ञ वा. द. वर्तक यांनी सत्तरच्या दशकात महाराष्ट्रातल्या देवरायांवर काम केलं आणि हे रान किती मोलाचं आहे ते अभ्यासकांपुढे मांडलं. जपान्यांनी शब्द 1982 मध्ये काढला पण रानात शिरताना चपला काढून, आवाज खाली आणून, हात रिकामे ठेवून जायचं हे आपल्या ह्या गावांना आधीपासून ठाऊक होतं. मला आत गेल्यावर हे एकदम लख्ख जाणवलं, आणि खरं सांगते, भरून आलं.

ज्यांच्या घरी उतरलो होतो ते काका सोबत आले. गावच्या माणसाला विचारल्याशिवाय आणि बरोबर घेतल्याशिवाय देवराईत जाऊ नये असं माझं मत आहे, ती त्यांची जागा आहे. त्यांना मानधन द्यावं, तेही आधी ठरवून.

आत शिरलं की उजेड बदलतो. अंजनी, जांभूळ, हिरडा, आंबा, आणि वरून खाली झोपाळ्यासारखी लोंबणारी गारंबीची वेल, माणसाच्या मांडीएवढी जाड. आम्ही वीस पावलांवर वेगवेगळे बसलो. पहिली पाच मिनिटं मला नुसते डास आणि गॅस बंद केला का हेच आठवत होतं. मग कधीतरी नजर त्याच्यावर गेली. तो एका मुळावर बसून तळहात मातीवर टेकवून खाली बघत होता, खांदे पडलेले, तोंडावर ताण नाही. त्याचा चेहरा असा मी किती दिवसांत पाहिला नव्हता ते मोजायला लागले आणि थांबले, कारण ते मोजणं नियमात बसत नव्हतं. वीस मिनिटांची पस्तीस कधी झाली कळलं नाही.

मग ऊन उतरल्यावर जवळ जवळ बसून ऐकायचं. डोळे मिटायचे, दोन्ही मुठी मिटायच्या, नवीन आवाज आला की एक बोट उघडायचं, दहा मिनिटं. माझी नऊ बोटं झाली, त्याची चार. त्याने ऐकलेलं: कुटुर्गा पक्ष्याचं कुटुर्र कुटुर्र, लांबून हंबरणारी गाय, शेकरूचा कर्कश आवाज, गावातली जीप. माझ्यात ही चारही होती, वर फुलटोच्याची बारीक टिकटिक, पानांवरून काहीतरी सरपटल्याची खसखस, एका छोट्या पक्ष्याचं सीप सीप, नाकतोड्यासारखं काहीतरी, आणि सगळ्यांच्या वर रातकिडे. संध्याकाळ होत आलेली, ऑक्टोबरचं रान, अख्खा कान भरून जाईल इतके रातकिडे.

मी म्हटलं, "रातकिडे धरले नाहीस?"

"कुठे आहेत? एकदम शांत आहे की. म्हणून तर इतकं बरं वाटतंय मला."

मला आधी रागच आला, खोटं कशाला सांगू, मला वाटलं इथेसुद्धा ह्याने लक्ष दिलं नाही. काका पलीकडे तंबाखू मळत बसले होते, ते म्हणाले, "सायेब, एवढं किडं वरडत्यात, आयकू येत न्हाई व्हय? मपल्या भावाचं आसंच झालतं, खडीमशीनवर व्हता तो. कान दाखवून घ्या."

त्याने डोळे उघडून माझ्याकडे बघितलं आणि मी त्याच्याकडे. फोडणी, एक्झॉस्ट, सात की आठ, पावसातलं "काय?", हॉटेलातली मान, सगळं एका दमात डोक्यातून गेलं. मी काही बोलले नाही. नियम होता म्हणून नाही, मला सुचलंच नाही. चहाच्या वेळी तो म्हणाला, "खरंच आवाज आहे का गं आत्ता?" मी म्हटलं हो. तो बराच वेळ कान देऊन बसला.

तपासणी

महिनाभर तो गेला नाही. आधी म्हणाला मळ असेल, मग म्हणाला माझ्या वयात असं कुणाचं होतं का, मग चिडला. ह्या काळात मी मागे लागले नाही आणि ह्याचं श्रेय मी रानाला देते, कारण रागाच्या जागी काळजी आली होती. शेवटी नोव्हेंबरअखेर कान-नाक-घसा तज्ज्ञाकडे जाऊन ऑडिओमेट्री केली. बंद खोलीत हेडफोन लावून 250 पासून 8000 हर्ट्झपर्यंत, म्हणजे जाड्यापासून बारीकपर्यंत, वेगवेगळे सूर ऐकवतात आणि ऐकू आलं की बटण दाबायचं. त्याचा ग्राफ 1000 हर्ट्झपर्यंत चांगला, 15 ते 20 डेसिबल (इथे आकडा जितका मोठा तितकं ऐकू कमी), मग घसरत जाऊन 4000 ला उजव्या कानात 55 आणि डाव्यात 50, आणि 8000 ला पुन्हा थोडा वर. 4000 च्या आसपासचा हा खड्डा म्हणजे वर्षानुवर्षं मोठ्या आवाजात काम केल्याची खूण असं डॉक्टरांनी समजावलं. दिवसाचे आठ तास 85 डेसिबलच्या वरच्या आवाजात काढले की आतल्या कानातल्या बारीक केसपेशी मरायला लागतात आणि त्या परत उगवत नाहीत.

रातकिड्यांचा आवाज साधारण 4000 ते 5000 हर्ट्झच्या पट्ट्यात असतो, म्हणजे नेमका त्याच्या खड्ड्यात. कुटुर्गा, गाय, जीप हे खालचे, जाडे आवाज, ते त्याला येत होते. आता बोलण्याचं बघा. अ, आ, ओ हे स्वर जाडे, ते ऐकू येतात, म्हणून माणसाला वाटतं की मला ऐकू येतंय. स, श, फ, थ, ट ही व्यंजनं बारीक, ती गळतात किंवा एकमेकांत मिसळतात, आणि मागे एक्झॉस्ट किंवा हॉटेलचा गलका असेल तर आणखीच. "सात" मधला स गेला आणि त हलला की उरतं ते "आठ" च्या इतकं जवळ आहे की कुणीही तेच ऐकेल. बायकांचे आणि मुलांचे आवाज बारीक म्हणून तेच जास्त निसटतात. आमच्या घरात त्याला सगळ्यात स्पष्ट ऐकू यायचं ते सासूबाईंचं, त्यांचा आवाज घोगरा आहे, आणि मी सोळा वर्षं म्हणत आले की आईचं बरं ऐकू येतं. हे लिहितानाही हात थांबतो.

रिपोर्ट घेऊन बाहेर आलो आणि पार्किंगमध्ये तो म्हणाला, मला वाटायचं तू मुद्दाम हळू बोलतेस. मी म्हटलं मला वाटायचं तू मुद्दाम ऐकत नाहीस. गाडी तिथेच अर्धा तास उभी होती.

नंतर

मशीन बसवायला डिसेंबर उजाडला, दोन्ही कानांना, खर्च आमच्या बजेटला जड होता आणि एफडी मोडली. पहिले दोन आठवडे भांड्यांचा आवाज त्याला टोचायचा, नळ सोडला तरी दचकायचा. ऑडिओलॉजिस्टने दोनदा सेटिंग बदलून दिली. कामावर आता इअरमफ घालतो, त्याच्या हाताखालच्या पोरांनाही घालायला लावतो आणि त्यांची तपासणी व्हावी म्हणून वर अर्ज दिलाय.

जंगल सोडलं नाही. दर महिन्याला आहुपे शक्य नाही, म्हणून आठवड्यातून दोनदा सकाळी वेताळ टेकडी, तासभर. तिथे गिरिपुष्पाची एकसुरी लागवड भरपूर आहे, देवराईशी तुलनाच नको, पण खाणीच्या बाजूला बसायला जागा आहे आणि मोर ओरडतात. तिथेही तेच, थोडं लांब लांब बसायचं आणि मग मुठी मिटायच्या. कुणाला आमच्यासारखं करून बघायचं असेल तर दोन गोष्टी लक्षात ठेवा. पावसाळ्यात घाटात जळवा असतात, त्या निरुपद्रवी, पण हिवाळ्यापासून उन्हाळ्यापर्यंत गोचीड असतात, आणि सिंधुदुर्गात दोडामार्गकडे 2016 पासून गोचिडीतून पसरणाऱ्या माकडतापाचे रुग्ण आढळलेत, तिकडे जाणार असाल तर आरोग्य केंद्रात विचारूनच रानात बसा. आणि जिथे नवरा किंवा बायको हात उगारते, धमक्या देते, तिथे हे असलं काही करायला एकांतात जाऊ नका, तिथे माणसांची मदत घ्या.

न सुटलेलंही लिहिते. त्याच्या भावाला दिलेल्या पैशांवरून आमचं अजून वाजतं. पूर्वीच्या भांडणांतली अर्धी तरी कानामुळे होती असं तो म्हणतो, मी म्हणते एकतृतीयांश, बाकीची आमची स्वतःची होती आणि आहेत. फरक असा की आता एकमेकांचं वाक्य पूर्ण पोचतं, मग ते पटो न पटो. घरात बसून हे सापडलं असतं का, मला नाही वाटत. घरात पंखा, टीव्ही, मिक्सर, रस्ता ह्यांच्यात त्याचं न ऐकणं आणि माझं न ऐकवणं दोन्ही लपून जात होतं. तिथे लपायला काही नव्हतं.

जानेवारीत परत आहुप्याला गेलो, कानात मशीन घालून. थंडी होती, रान कोरडं, काकांनी मुद्दाम तीच जागा दाखवली. तो त्याच मुळावर बसला, मी वीस पावलांवर. फुलटोच्या वर कुठेतरी टिकटिक करत होता आणि त्याचं डोकं त्या दिशेने वळलेलं मला दिसलं. वीस मिनिटं झाल्यावर मी उठले आणि मागून त्याच्याकडे चालत निघाले, खाली सगळा वाळका पाला. पाचसहा पावलं राहिली असतील. त्याने मान वळवली नाही, नुसता उजवीकडे सरकून मुळावर जागा केली आणि म्हणाला, "ये, बस."